किनाऱ्याला धोका कुणाचा?
बुलढाणा जिल्ह्यातील मराठी जनतेला जाहीर आवाहन



कोकणात समुद्रकाठी हॉटेल यायचे असो, कारखाना यायचा असो की बंदर यायचे असो, गावात दोन गाड्या येतात. पहिल्या गाडीत कागद असतात, दुसऱ्या गाडीत पोलीस असतात. कागद इंग्रजीत असतात. काठी मात्र अस्सल मराठीत पडते!

आणि गावकऱ्याने विचारले, “बाबांनो, माझ्या माडाखालची वाळू कुणाला विकली?” तर त्याला उत्तर मिळत नाही, नोटीस मिळते. तू शांततेला धोका आहेस, तू सुव्यवस्थेला धोका आहेस, तू विकासाच्या आड येतोस, तुझ्या मागे बाहेरचा पैसा आहे! होडी वल्हवून ज्याचे तळहात सोलले, त्याच्यावर हा आरोप. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जिची मान वाकली, तिच्यावर हा आरोप.

या पत्रकाला एकच प्रश्न विचारायचा आहे. किनाऱ्याच्या सुरक्षेला धोका खरोखर कुणाचा?

“आमच्याकडे समुद्र नाही, आमचं काय?”

मेहकरचा कास्तकार म्हणेल, “बाप्पा, शिरोडा कुठं अन् आमचं वावर कुठं? आम्ही काहून त्यात पडावं?”

दादा, जरा थांबा. समुद्र नसला तरी खारे पाणी तुम्हाला नवे नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा सारा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा आहे. विहीर खणली की पाणी खारट लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा वऱ्हाडाने समुद्र नाही म्हणून हातावर हात ठेवले नाहीत. अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून वऱ्हाडी माणसाने इंग्रजांचा कायदा मोडला. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही लाठ्या खात होते. समुद्र असलेला आणि समुद्र नसलेला महाराष्ट्र एकाच मिठासाठी लढला. तेव्हा राज्य एक नव्हते, तरी लढा एक होता. आज राज्य एक आहे, मग लढा वेगळा कसा?

आणि पर्यटनाच्या नावाखालचा विकास आपल्या जिल्ह्यात नाही काय? लोणारकडे पहा. उल्कापाताने बसाल्ट खडकात तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. जगभरचे शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या जगात बातमी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण गावाचे सांडपाणी तळ्यात जाऊ नये आणि काठावर वाटेल ते बांधकाम होऊ नये, एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे उभे राहावे लागले. तळ्याची काळजी वाहणारे ते लोक लोणारला धोका होते, की लोणारचे राखणदार होते?

जिगावचे पहा. तीस वर्षांहून जुना प्रकल्प आणि पुनर्वसनाचे रडगाणे आजही तेच. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, देश झेंडा फडकवत होता त्या दिवशी, पुनर्वसनाच्या मागणीसाठी पूर्णेच्या पाण्यात उतरलेला एक आंदोलक वाहून गेला. बंदोबस्त होता. माणूस वाचला नाही. सांगा, त्या दिवशी धोक्यात कोण होते? सरकार, की तो बुडणारा माणूस?

शिरोड्याची वाळू

आता किनाऱ्याकडे चला. ३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. नाव मोठे झाले. पण त्या पर्यटनात गावकऱ्याची जागा कोणती, ते कुणी सांगितले नाही.

वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा-वेळागर घ्या. पंचतारांकित हॉटेलासाठी तिथली जमीन १९९० च्या दशकात सरकारने संपादित केली. ताज समूहाच्या हॉटेलसाठी सुमारे ५४ हेक्टरांचा हिशोब मांडला गेला. तीन दशके उलटली, सरकारे आली नि गेली, हॉटेलचा प्रश्न मात्र धुमसतोच आहे. गावकरी सांगतात, आम्ही पर्यटनाचे वैरी नाही. आमची घरे, आमच्या बागा, आमचे स्वतःचे छोटे व्यवसाय ज्या सर्व्हे नंबर ३९ मध्ये आहेत तो वगळा, एवढेच आमचे म्हणणे.

हे मागणे देशद्रोहाचे आहे काय? घर वगळा म्हणणारा माणूस दहशतवादी ठरतो काय?

शिरोड्याच्या पलीकडे खाडीकाठी तेरेखोल आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. गोवा मुक्त झाला. पुढे त्याच तेरेखोलात गोल्फचे मैदान आणि रिसॉर्ट आणण्याचा घाट घातला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या काजूच्या बागा राखणाऱ्या कुळांना आपला कूळहक्क सिद्ध करण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पोर्तुगीज गेले, पण जमीन कुणाची हा प्रश्न सुटला नाही!

“धोका” हे जुनेच हत्यार

मराठी माणसा, “सुव्यवस्थेला धोका” हे शब्द तू आज पहिल्यांदा ऐकत नाहीस.

१९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी आपली भाताची खाचरे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला. तेव्हा ते राज्याला धोका ठरले. १९३० साली शिरोड्याचे सत्याग्रही धोका ठरले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला मराठी माणसे जमली, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनाही गुंड म्हटले गेले. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पुढारी तुरुंगात टाकले गेले. १०६ माणसांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी हे राज्य जन्माला आले.

म्हणजे ज्या मंत्रालयातून आज आंदोलकांवर नोटिसा निघतात, ते मंत्रालयच मुळी आंदोलनातून उभे राहिले आहे! ज्यांना काल धोका म्हटले, त्यांच्या स्मारकाला आज मंत्री हार घालतात. हार घालताना मान झुकते, ती निदान प्रामाणिकपणे झुकावी, एवढेच मागणे.

हाच राग दिल्लीनेही आळवला. जून २०१४ मध्ये केंद्रीय गुप्तचर खात्याचा एक अहवाल बाहेर आला. परकीय पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाच्या उत्पन्नवाढीला दरसाल दोन ते तीन टक्क्यांचा फटका बसतो, असे त्यात मांडले होते. पण जानेवारी २०१५ मध्ये पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका महिला कार्यकर्तीला परदेशी जाताना विमानातून उतरवले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारची ती कारवाई रद्द केली. मत वेगळे असणे म्हणजे देशाविरुद्ध असणे नव्हे, हा त्या निकालाचा अर्थ. दिल्लीच्या कोर्टाला जे पटले ते मुंबईच्या सरकारला का पटू नये?

किनारा राखतो कोण?

ठीक आहे. सुरक्षेचीच गोष्ट करायची ना? मग पुरती करू या.

१९९३ साली मुंबईत स्फोट झाले. आरडीएक्स कुठून उतरले? रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावरून. ते पर्यावरणवाल्यांनी उतरवले काय? ग्रामसभेत ठराव करणाऱ्यांनी उतरवले काय? त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या माणसांना शिक्षा झाल्या. पैशाने विकला गेला तो पहारेकरी, गावकरी नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ ते उतरले, तेव्हा त्यांना हटकले ते तिथल्या कोळी माणसांनी. त्यानंतरच सरकारला साक्षात्कार झाला की मच्छीमार हे किनाऱ्याचे डोळे आणि कान आहेत. त्यांना ओळखपत्रे दिली, सागर रक्षक दले उभारली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. घातपाताचा संबंध नाही असे पुढे निष्पन्न झाले, ते बरेच झाले. पण नौका आधी दिसली ती स्थानिक माणसांना.

आता विचार करा. डोळे आणि कान म्हणून ज्यांचा गौरव केला, त्यांनाच किनाऱ्यावरून उठवायचे. होड्या ओढायची जागा, जाळी वाळवायची जागा, मासे सुकवायची जागा कुंपणात घालायची. तिथे खुर्च्या मांडायच्या आणि दारावर परगावचा पहारेकरी उभा करायचा. त्याला भरती कधी आणि ओहोटी कधी हेही ठाऊक नाही. कुठली होडी आपल्या गावची आणि कुठली परकी हे तो काय ओळखणार? घराचा राखणदार हाकलून दाराला नक्षी काढणे, याला सुरक्षा म्हणतात काय?

माणसांचा धोका एक, समुद्राचा दुसरा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. लाटेचा पहिला मार झेलतात ते वाळूचे ढिगारे आणि खाडीतली कांदळवने. म्हणूनच १९९१ साली केंद्राने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामाला वेसण घातली. आणि जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने काय केले? २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. वादळे वाढली आणि पट्टा घटला! समुद्र पुढे येत असताना मागे सरकायचे सोडून पुढे बांधायला निघालेले हे शहाणे, आणि त्यांना अडवणारा कोळी म्हणे धोका!

दगडाचे काय?

समोरची बाजू म्हणेल, आंदोलनात दगड पडतात, गाड्या जळतात, त्याचे काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळण्याची आम्हाला गरज नाही. एप्रिल २०११ मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध नाट्याला लोक उठले. १८ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. त्यानंतर रत्नागिरीत एस.टी. गाड्या फुटल्या, रुग्णालयात मोडतोड झाली. जे चुकीचे ते चुकीचे. एस.टी. आपली आहे, दवाखाना आपला आहे. दगड उचलणारा हात आपल्याच लढ्याचे डोके फोडतो. मुळशीचा इतिहास हेच सांगतो. सेनापती बापटांसारखा निर्मळ माणूस, पण शेवटी रेल्वे अडवून पिस्तूल हाती घेतले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झाले ते झालेच.

पण हिशोब दोन्ही बाजूंचा मांडा! एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी मातीचे परीक्षण सुरू झाले. जमावबंदी लागली. बाया रस्त्यावर आडव्या झोपल्या. त्यांच्या हातात ना दगड होता, ना काठी. शंभराहून अधिक माणसांना धरून नेले. २८ तारखेला अश्रुधूर सुटला. त्याच राजापुरात त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला रिफायनरीविरुद्ध लिहिणाऱ्या एका स्थानिक पत्रकाराला गाडीखाली चिरडण्यात आले, दुसऱ्या दिवशी तो मेला, आणि प्रकल्पाच्या एका समर्थकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. मुंबईत आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडायला सुरुवात झाली. झाडांसाठी धावलेल्या २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडे तोडू नका म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

हा हिशोब पाहा आणि सांगा, जीव कुणाचा गेला? हाडे कुणाची मोडली? तुरुंगाची हवा कुणी खाल्ली? ज्याच्या अंगावर वळ आहेत तोच मारेकरी, हा कुठला न्याय?

असंतोष पेटतो कुठे?

लोक रस्त्यावर का येतात? कारण दाराशी त्यांना विचारलेले नसते. आणि न विचारण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे न कळणाऱ्या भाषेत सांगणे.

हे राज्य भाषेसाठी झाले. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. तरीही समुद्रकाठच्या माणसाचे भवितव्य ठरवणारा शेकडो पानांचा पर्यावरण परिणामांचा अहवाल इंग्रजीत तयार होतो. २००६ च्या नियमाने स्थानिक भाषेत द्यायचा तो फक्त सारांश. घर जाते पुरते, आणि कळते ते सारांशात! २०२० साली केंद्राने याच नियमांचा नवा मसुदा काढला तो इंग्रजी आणि हिंदीत. लोकांच्या हरकती मागवल्या, पण लोकांना वाचता येईल अशी तजवीज केली नाही. शेवटी ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत याचा अनुवाद करा.

तेरवणातल्या म्हातारीला “इम्पॅक्ट असेसमेंट” म्हणजे काय ते कळत नाही. आपली विहीर खारी होणार की गोडी राहणार, हे तिला सांगा, लगेच कळेल! तिच्याच भाषेत सांगितले तर ती वाद घालील, हिशोब मागील, कदाचित चार अटींवर होही म्हणेल. सांगितलेच नाही तर ती रस्त्यावर झोपेल. सुनावणीचा मांडव मोडला की रस्त्यावरचा मोर्चा उभा राहतो. मोर्चाची भीती वाटत असेल तर मांडव नीट घाला.

पण सरकारने मांडवाऐवजी कायदा घातला. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, सामान्य आंदोलकाने भिऊ नये, असे सरकार सांगते. ठीक. पण सार्वजनिक व्यवस्थेला धोका, कायदा न जुमानण्याची शिकवण, असले रबरासारखे शब्द कायद्यात आले की ते ताणणार कोण? उद्या वेळागरची बाई म्हणाली, मी मोजणी होऊ देणार नाही, तर ती कायदा न जुमानणारी ठरणार नाही याची हमी कोण देणार? मंत्र्याचे तोंडी आश्वासन कोर्टात चालत नाही. कोर्टात कागदावरचा शब्द चालतो. १९३० चा मीठ उचलणारा माणूस या शब्दांच्या जाळ्यात सापडला असता की नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आमच्या मागण्या

एक. किनाऱ्यावरच्या, विवराकाठच्या, धरणाखालच्या प्रत्येक प्रकल्पाचा संपूर्ण अहवाल मराठीत, सुनावणीआधी, ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेवा. मराठीत नसेल तर सुनावणी नाही.

दोन. आधी ग्रामसभा, मग मोजणी. ग्रामसभेच्या आधी पोलिसांची गाडी गावात येता कामा नये.

तीन. नकाशावर हॉटेल काढण्याआधी होड्यांची जागा, मासे सुकवण्याची जागा, मिठागर, कांदळवन आणि स्मशान काढा. जे गावाचे आहे ते आधी, जे पाहुण्यांचे आहे ते नंतर.

चार. निःशस्त्र आंदोलकांवरचे प्रतिबंधक खटले आणि तडीपारीच्या नोटिसा मागे घ्या, आणि जनसुरक्षेच्या नावाखालचे कलम जमीन, पाणी, समुद्र यांच्या लढ्याला लावणार नाही असे कायद्यातच लिहा.

पाच, ही मागणी आमची आमच्याकडे. दगड नाही, जाळपोळ नाही. त्यांना निमित्त हवे आहे, ते आपण द्यायचे नाही.

बुलढाण्याच्या बंधूंनो, जिजाऊंच्या सिंदखेड राजाची ही माती आहे. त्यांच्या लेकाने समुद्रावर किल्ले बांधले ते किनाऱ्याच्या रयतेला कवेत घेऊन. सिंधुदुर्गाचा दगड कोकणातला, पण तो रचणाऱ्या राजाची आई आपल्या जिल्ह्यातली! हे नाते सभेत टाळ्या घेण्यापुरते सांगू नका.

पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. लोणारसाठी मांडा, जिगावच्या बुडीत गावांसाठी मांडा, आणि त्याच ठरावात वेळागर-बारसूच्या भावंडांना पाठिंब्याची एक ओळ घाला. ठराव मराठीत लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हातात द्या. पोच मागून घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

माणूस आपल्या घरात उभा राहून “मला विचारा” म्हणतो, त्याला धोका म्हणणारेच खरा धोका आहेत!

जय महाराष्ट्र!